राखेच्या थरातली मुद्रा

१

डबी उघडली तेव्हा मुद्रा आतच होती. म्हणून तर पहिली पाच मिनिटं कोणाला काही कळलं नाही.

सोमवारची दुपार. अमरावतीतल्या एका विद्यापीठात पुरातत्त्व विभागाची निवड समिती बसली होती. टेबलावर कापसात ठेवलेली, अंगठ्याच्या पेराएवढी, करड्या मातीची ती मुद्रा. नागपूरहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी ती उचलली, भिंगाखाली धरली आणि नखानं हलकी टिचकी मारली. टण्ण असा बारीक आवाज आला.

"ही भाजलेली आहे," त्या म्हणाल्या. "अहवालात तर कच्ची लिहिलीय."

समोर उभ्या असलेल्या रागिणी गावंडेनं हात पुढे केला, मुद्रा घेतली, उलटी केली आणि ती पांढरीफटक पडली. "ही माझी आहे," ती म्हणाली. "म्हणजे मी केलेली. वर्गात दाखवायची प्रतिकृती. खरी कुठे गेली?"

हे मला दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं. मी अनुपमा भागवत, वकील, राहणार अकोला, जुने शहर. कोर्टाच्या पायऱ्या चढणं आठ वर्षांपूर्वी सोडलं. आता शाळा-कॉलेजांच्या विभागीय चौकश्या करते. या कामानं मला एक शिकवलंय. मास्तर लोक खोटं बोलतात तेसुद्धा मुद्देसूद, परिच्छेद पाडून. त्यामुळे पकडायला वेळ लागतो.

वेळच तर नव्हता. कुलगुरूंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, समिती गुरुवारी सकाळी अकराला परत बसतेय. तोवर अहवाल द्या. नाहीतर गावंडे मॅडमचं नाव वगळावं लागेल आणि पोलिसांत तक्रार जाईल."

रागिणीचं पद संशोधक-अध्यापकाचं. तीन दिवस वर्गात शिकवायचं, तीन दिवस उत्खननावर माती उकरायची, करार तीन वर्षांचा. विभागात अशी दोन माणसं होती, ती आणि पुष्कर देवपुजारी. दोघांचे करार मार्चअखेर संपत होते आणि कायम होणारी जागा एकच होती. गेल्या हिवाळ्यात अकोटजवळच्या पांढरीवर, म्हणजे जुनी वस्ती मोडून झालेल्या टेकाडावर, रागिणीच्या खड्ड्यात ही मुद्रा निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी माल दोरीनं बांधला, गाठीवर ओल्या मातीचा गोळा लावला आणि त्यावर आपल्या नावाचा शिक्का दाबला. राखेच्या थरात, फुटक्या रांजणाखाली, ती कोरडी राहिली म्हणून टिकली. ती जागा रागिणीलाच मिळणार हे सगळे धरून चालले होते.

आता तिच्या कपाटातून मुद्रा गेली होती आणि जागी बसलेली नक्कल तिच्याच हातची होती.

२

रागिणी मला विभागाच्या वस्तुसंग्रहालयात भेटली. बत्तीसची असेल. नखांत माती, डोळ्यांखाली काळं. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक पुष्करकडे, एक माझ्याकडे." तिनं गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढून किल्ली दाखवली.

"खरी मुद्रा शेवटची कधी पाहिलीत?"

"गुरुवारी संध्याकाळी. मी स्वतः डबीत ठेवली. शुक्रवारपासून साइटवर होते. सोमवारी डबी उघडली ती सगळ्यांसमोरच."

मी मुद्रेवर काय होतं ते विचारलं. तिनं फोटो काढून समोर ठेवले. चार अक्षरं ब्राह्मी लिपीतली, स्पष्ट. पुढे राखेचं घट्ट पूट बसलेलं. त्याखाली अजून अक्षरं असावीत, पण किती, कोणती, काही दिसत नव्हतं.

"हे पूट कोरडंच काढायचं होतं," ती म्हणाली. "भिंगाखाली, बांबूच्या काडीनं. एप्रिलमध्ये त्यातला जाणकार येणार होता. तोवर हात लावायचा नाही, असं मी वहीत लिहून ठेवलं. घाई सगळ्यांनाच होती. पुष्करला, सरांना, कुलगुरूंनाही. मी सगळ्यांनाच नाही म्हटलं."

मला ही पोरगी आवडली. करारावरच्या माणसानं कुलगुरूंना नाही म्हणायला छाती लागते.

प्रतिकृतींचंही तिनं सरळ सांगितलं. विद्यार्थ्यांनी खऱ्या वस्तूला हात लावू नये म्हणून तिनं फोटो बघून चार नकला घडवल्या आणि कुंभाराकडून भाजून आणल्या. जेवढं दिसत होतं तेवढंच केलं. चार अक्षरं, पुढे खडबडीत. त्या त्याच कपाटात एका ट्रेमध्ये असायच्या. आता ट्रेमध्ये तीन होत्या.

"साइटवर तिन्ही दिवस होतात?"

"हो."

"मजुरांच्या हजेरीवहीवर रोज तुमची दोनदा सही असते. रविवारी संध्याकाळची नाही."

तिनं किल्लीचा दोरा परत आत सारला. 

"अकोल्याला गेले होते," ती शेवटी म्हणाली. "जुन्या शहरात."

"कोणाकडे?"

"ते नाही सांगू शकत मी." आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "मॅडम, मी चोर नाही हो. पण ते मले नका विचारू."

मी जुन्या शहरात जन्म काढलाय. तिथल्या कोणत्या बोळात जुनी नाणी विकतात आणि कोणत्या बोळात जुन्या मूर्ती, हे मला कोणी सांगायला नको. मनातून मी थोडी हबकलेच.

३

पुष्कर देवपुजारी अमरावतीचाच, वडील वकील. त्यामुळे उत्तरं कशी तुटक द्यायची हे त्याला घरूनच ठाऊक होतं. चेहरा मात्र प्रामाणिक, आणि प्रामाणिक चेहऱ्याच्या माणसाला खोटं बोलताना घाम फार येतो. खोलीत पंखा पूर्ण वेगात फिरत होता.

"तुमची किल्ली कुठे असते?"

"पँटच्या खिशात."

"शुक्रवारी?"

"खिशातच. दिवसभर."

"कोणाला दिली होती?"

"नाही." मग, मी न विचारताच, "कोणालाच नाही."

"रागिणी गेली की जागा तुम्हाला मिळणार."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थप्पडच मारली होती. "असल्या रीतीनं मिळालेली जागा मला नकोय, मॅडम. पण माझं लग्न ठरलंय, घर बघायचं चाललंय. तीन वर्षं या करारावर काढलीत मी. गोपनीय अहवाल कसा जातो यावर सगळं असतं आमचं. तुम्हाला नाही कळायचं."

मला चांगलं कळलं. एवढंच कळलं नाही की गोपनीय अहवालाचं मी काढलंच नव्हतं, ते त्यानं मध्येच कशाला आणलं.

बाहेर व्हरांड्यात देवीदास भेटला. विभागाचा प्रयोगशाळा परिचर, वीस वर्षं इथंच. त्यानं मला चहा दिला आणि न विचारता स्टूलही आणून दिलं.

"शुक्रवारी इथं कोण कोण होतं, देवीदासभाऊ?"

"सारेच होते न. मोठे सर होते सकायपासून, खोलीचं दार लावून. वाचून राहिले असतीन. पुष्कर सरायचा वर्ग होता अकरा वाजता. पोट्टे कंटाळले बाप्पा. नकाशे रंगवत बसले."

"नकाशे?"

"हो न. मॅडमचे ते मातीचे शिक्के दाखवनार होते म्हने. पोट्टे त्याच्याचसाठी आलते."

मी प्रात्यक्षिकांची वही मागवली. प्रत्येक तासाला विषय लिहायचा, खाली विद्यार्थ्यांच्या सह्या, अशी त्यांची पद्धत. शुक्रवारच्या पानावर आधी 'मुद्रा व प्रतिकृती' असं लिहिलेलं होतं. ते खोडून वर 'नकाशावाचन' केलं होतं. अक्षर पुष्करचं.

प्रात्यक्षिकाचा वर्ग वस्तुसंग्रहालयातच भरायचा; मी तिथे जाऊन उभी राहिले. फळ्यापासून त्या कपाटापर्यंत चालत गेले. सहा पावलं.

समोर बावीस विद्यार्थी. सहा पावलांवर कपाट. कपाटात प्रतिकृती. किल्ली खिशात. आणि मास्तर नकाशे रंगवायला देतो? मी परत जाऊन पुष्करला ते पान दाखवलं. तो पानाकडे बघतच राहिला, आणि मग त्यानं आयुष्यातलं सगळ्यात वाईट उत्तर दिलं.

"विसरलो होतो," तो म्हणाला.

४

विभागप्रमुख प्रा. गोपाळकृष्ण वैद्य जूनमध्ये निवृत्त होणार होते. उंच, कृश, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. मी आत गेले तर ते उठून उभे राहिले. आजकाल कोण उठतं?

त्यांची खोली बघण्यासारखी होती. चारी भिंतींवर काळ्या शाईतले शिलालेखांचे ठसे चौकटीत लावलेले. कोपऱ्यात टेबल, त्यावर शाईची बशी, मऊ गोळ्यासारखा फडका, लांब केसांचा ब्रश. शेजारी हात धुवायचं बेसिन.

"हे सगळे तुम्ही घेतलेत?"

"चाळीस वर्षांत. दगडाची अक्षरं डोळ्यांनी वाचायला गेलं की फसायला होतं. दगड आधी स्वच्छ धुवायचा. त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं हळूहळू ठोकायचा, कागद अक्षरांच्या खाचांत उतरला की वरून शाई. मग जे दिसतं ते खरं." ते पहिल्यांदाच हसले. "या विषयातलं मला एवढंच येतं, बाई. खणणं नव्या लोकांचं. माझे गुडघे गेले. त्यांच्या अकोटच्या खड्ड्यात मी एकदाही उतरलेलो नाही."

"मुद्रेला बाजारात काय मोल असेल?"

"बाजारात? काहीच नाही. मातीचा गोळा. सोन्याचं नाणं असतं तर गोष्ट वेगळी. पण अभ्यासकाला विचाराल तर..." त्यांचे डोळे भिंतीवरच्या ठशांकडे गेले. "सहा अक्षरांत दोन हजार वर्षांपूर्वीचं माणूस समोर येऊन उभं राहतं. याहून मोठं काय हवं?"

मी रागिणीबद्दल विचारलं.

"माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी होती ती."

"होती?"

ते टेबलावरचं पेन उचलून परत खाली ठेवत राहिले. "थोडी हट्टी. वयानं मोठ्या माणसाचं ऐकावं असं तिला वाटत नाही. पण चोर नाही. तुम्ही अहवालात 'कोणाचाही दोष सिद्ध होत नाही' असं लिहिलंत तर कोणाचंच नुकसान होणार नाही."

"तिचं होईल. संशय राहिलेल्या बाईला कोण कायम करतं?"

 मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "गुरुवारपर्यंत तुम्हाला काही सापडणार नाही, बाई."

ही धमकी होती की विनंती, ते मला त्या वेळी ठरवता आलं नाही.

५

बुधवारी सकाळी अकोटची एसटी पकडली. तिथून ऑटोनं साइट. टेकाडावर दोरीनं आखलेले चौकोनी खड्डे, ताडपत्री, आणि सावलीत खापरं धुवायच्या बायका. एवढं होऊनही काम बंद झालेलं नव्हतं.

इंदूबाई त्यांच्यातली मुख्य. मुद्रा पहिल्यांदा तिच्याच हाताला लागली होती. साठीची, काटक, टबात हात घालून बसलेली. मी शेजारी बसले.

"रविवारी रागिणी मॅडम दुपारीच गेल्या का, इंदूबाई?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमी त्याह्यले फसवाले आल्या का सोडवाले?"

"खरं काय ते बघायला आले."

"मंग ऐका. जुन्या शहरातल्या एका शाळेच्या हेडमास्तरच्या घरी गेलती पोट्टी. तासावर शिकवाचं काम भेटते का पाहाले. 'इंदूमावशी, कायम नाई केलं त मी घरी काय तोंड दाखवू,' म्हने. मले शपथ घातली का कोणाले सांगू नको. विद्यापीठात समजलं त म्हनतीन, इचं मनच नाई इथी."

मी डोक्याला हात लावला. जिनं टेकाडातून दोन हजार वर्षांपूर्वीचं नाव बाहेर काढलं ती तासिकेचं काम मागत फिरत होती. आणि मी तिला मूर्तीवाल्यांच्या बोळात शोधत होते. मला माझीच लाज वाटली.

"मुद्रा सापडली तेव्हा धुतलीत का हो?" मी सहज विचारलं.

इंदूबाईनं टबातले हात बाहेर काढले आणि बाकीच्या बायकांकडे बघून हसली. "आयकलं का वं? धुतली काय म्हनते!" मग माझ्याकडे वळली. "बाई, कच्ची माती कोनी पान्यात टाकते काय? मॅडमनं पयल्या दिवशीच शिकवलं. खापर भट्टीतून निंघालं, त्याले पान्याचं भेव नाई. कच्चं असन त पान्याचा थेंब बी नाई लागू द्याचा. हे पाहा."

तिनं खड्ड्याच्या कडेचं एक कडक ढेकूळ उचललं आणि टबात सोडलं. पहिल्यांदा बुडबुडे आले. मग कडा सुटल्या. दोन-तीन मिनिटांत तळाशी राखाडी गाळ उरला. तिनं हात फिरवला आणि तोही पाण्यात मिसळला.

"इथच्या शेंबड्या पोराले बी मालूम हाये," ती म्हणाली. "ज्यानं कधी खड्डा पायला नाई त्यालेच मालूम नसन."

मी त्या टबाकडे बघत बसले. मग ताडपत्रीखालून साइटची नोंदवही मागवली. मुद्रेचं पान काढलं. रागिणीच्या हातचं रेखाचित्र. चार अक्षरं, पुढे तिरप्या रेघांनी भरलेला भाग, आणि शेजारी टीप: 'पुढील अक्षरे झाकलेली, संख्या अज्ञात.'

संख्या अज्ञात. मी ती ओळ दोनदा वाचली. काल, काळ्या ठशांच्या भिंतींमध्ये, शाईच्या वासात, मला कोणीतरी ती संख्या सांगितली होती.

दोन दिवस मी चोर शोधत होते, आणि चोरी झालीच नव्हती. मुद्रा कोणी कुठे नेली नव्हती. ती नव्हतीच राहिली.

६

गुरुवारी सकाळी सव्वादहाला मी रागिणी आणि पुष्करला घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेले. ते उठून उभे राहिले, नेहमीसारखेच. मी दार लावलं.

"सर, बसा. मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर थांबवा." मी खुर्ची ओढली. "आधी मला हे खटकलं की असल्या वस्तूला गिऱ्हाईक नाही. हे तुम्हीच सांगितलंत. मग चोरणार कोण आणि कशाला? पुष्करला नक्कल ठेवायची गरज नव्हती. रागिणीचं नाव खराब करायचं तर डबी रिकामी ठेवली की झालं. नक्कल ठेवतो तो माणूस वेगळा. वस्तू आहेच असं दिसावं, चार दिवस कोणी विचारू नये, एवढंच त्याला हवं असतं. म्हणजे ती त्याच्या हातून गेलेली असते."

पुष्करचा हात नकळत खिशाकडे गेला.

"आता किल्ली. रागिणीची तिच्या गळ्यात, ती अकोटला. उरली पुष्करची. पुष्कर, शुक्रवारी अकरा वाजता तुमच्याकडे किल्ली असती तर मुलांनी प्रतिकृती पाहिल्या असत्या. तुम्ही त्यांना नकाशे रंगवायला लावलेत. किल्ली तुमच्याकडे नव्हतीच. कोणी मागितली होती?"

पुष्करनं खाली बघितलं. रागिणीनं त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं त्याला सोसवलं नसावं.

"सरांनी," तो म्हणाला. "सकाळी साडेनऊला मागितली, दुपारी दोनला परत दिली. मला म्हणाले, याची वाच्यता नको. माझा अहवाल यांच्याच हातात आहे, मॅडम. मी... मला वाटलं, यांचा काय संबंध असणार."

"तुले वाटलं नाई," रागिणी म्हणाली. "तू भेलास."

प्रा. वैद्यांचा चेहरा शांत होता. "किल्ली मागितली यावरून काय सिद्ध होतं, बाई? मी विभागप्रमुख आहे."

"काहीच नाही. पण परवा तुम्ही मला म्हणालात, सहा अक्षरांत माणूस उभं राहतं. फोटोत चार आहेत. प्रतिकृतीवर चार. नोंदवहीत चार, आणि पुढे 'संख्या अज्ञात'. ज्यानं पूट काढून बघितलं त्यालाच सहा ठाऊक. आणि पूट कसं काढायचं? खणणारा माणूस काडी घेतो. तुम्ही चाळीस वर्षं काय घेता, ते या भिंतीवर आहे."

पंखा फिरत होता. बेसिनच्या नळातून एक थेंब पडला.

"तुम्ही ती धुतलीत. ओला कागद बसवलात. ती कच्ची होती, सर."

त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. "मी हाताळलेली प्रत्येक मुद्रा भाजलेली होती," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "प्रत्येक. दोनदा विचारलं हिला. विभागप्रमुखानं दोनदा विचारायचं, आणि हिनं वहीकडे बोट दाखवायचं. ती वही मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. अपमान वाटला मला. जूनमध्ये मी जाणार. एप्रिलमध्ये दुसरंच कोणीतरी ते नाव वाचणार. कागद उचलला आणि... कागदाबरोबरच ती आली. उरलेली हातात विरघळली. अर्ध्या मिनिटात."

"ठसा कुठे आहे?" मी विचारलं. ही माझी खरी बाजी होती. तो कागद त्यांनी जाळला असेल तर माझ्याकडे एक वाक्य आणि एक घाबरलेला मुलगा, एवढंच होतं.

 त्यांनी खालचा खण उघडला, दोन टिपकागदांमधून हातभर लांबीचा पातळ कागद काढला आणि टेबलावर ठेवला. मधोमध, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत, काळ्या शाईत सहा अक्षरं. "फाडता येईना," ते म्हणाले.

रागिणी पुढे झाली. त्यांच्याकडे तिनं पाहिलंच नाही, कागदावर वाकली. ओठ हलत होते. शेवटच्या दोन अक्षरांपाशी ती थांबली, परत पहिल्यापासून वाचलं.

"बाईचं नाव आहे," ती म्हणाली. डोळे भरून आले आणि तिनं पटकन तोंड बाजूला केलं, पाणी कागदावर पडू नये म्हणून.

पावणेअकरा झाले होते. प्रा. वैद्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"रागिणी, ऐक. अजून काही बिघडलेलं नाही. कच्ची मुद्रा, मार्चची हवा, साठवणुकीत आपोआप भुगा झाली. घाबरून कोणीतरी प्रतिकृती ठेवली, कोण ते कळलं नाही. आपण तिघंही तसंच सांगू. जागा तुझी. मी आत्ता, समितीसमोर, तुझी शिफारस करतो. मी जूनमध्ये जातोच आहे. चाळीस वर्षांचं नाव घेऊन जाऊ दे मला. भागवतबाई, तुम्हालाही हात जोडतो."

 माझा अहवाल मी लिहिणारच होते, पण ती हो म्हणाली असती तर त्या कागदाचं काय झालं असतं, सांगता येत नाही. बेसिन चार पावलांवर होतं. तिला हवी ती जागा टेबलावर ठेवलेली होती. शाळांमध्ये तासिका मागत फिरलेल्या मुलीला मी दोष कसा दिला असता?

"सर," ती म्हणाली. "म्हणजे नोंदवहीत मी लिहू का मुद्रा आपोआप गेली?"

"एक ओळ."

"आणि मंग उद्या त्याच वहीतल्या कोणत्या ओळीवर कोणी भरोसा ठेवाचा? खड्डा त आपण खोदून मोडून टाकला. मुद्रा गेली. आता जे हाये ते वहीतच हाये. ते बी खोटं केलं त मी शिकवू काय पोट्ट्यायले?" तिनं कागद दोन टिपकागदांत ठेवला आणि छातीशी धरला. "नाही सर. जागा गेली तरी चालेल मले."

अकरा वाजता समिती बसली. मी अहवालाचं पहिलं पान वाचेपर्यंत प्रा. वैद्य उभे राहिले आणि म्हणाले, पुढचं मी सांगतो. त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पुष्करनं किल्लीचं सांगितलं. नागपूरच्या बाईंनी ठसा खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. अध्यक्षांनी रागिणीवरचा संशय काढून टाकल्याचं कामकाजात नोंदवायला सांगितलं, आणि कायम जागेसाठी तिचं एकच नाव पुढे जाईल, तेही आजच, असं जाहीर केलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. वातावरणच तसं नव्हतं.

रागिणीनं पिशवीतून नोंदवही काढली. मुद्रेचं पान उघडलं, रेखाचित्राखाली लिहायला लागली. मी खांद्यावरून वाचलं. 'नष्ट. कारण: पाण्याने धुऊन ओल्या कागदाचा ठसा घेतला. ठसा विभागात जतन. अक्षरे सहा.' मग तिनं वही फिरवून प्रा. वैद्यांच्या पुढे सरकवली, वर पेन ठेवलं.

"सर, ज्यानं केलं त्याची सही लागते."

त्यांनी सही केली. अक्षर सुंदरच होतं. पेन ठेवून ते मागे सरले, उठायला लागले. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, संपलं.

रागिणीनं वही हलवली नाही. सहीखालच्या रिकाम्या जागेवर तिनं बोट टेकलं.

"सर," ती म्हणाली, "तारीख राहिली."